काल तर चालत होतं! प्रोग्रॅममधली चूक शोधायची कशी?

काटोलकडचा एक मुलगा दर रविवारी माझ्याकडे प्रोग्रॅमिंग शिकायला येतो. घरची संत्र्याची बाग. माल नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात जातो आणि लिलाव झाला की अडत्याकडून हिशोबपट्टी मिळते. तिच्यातले भाव वडील वहीत उतरवून ठेवतात. मुलगा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागला आणि पहिलं काम त्याने काय केलं, तर ती वही कम्प्युटरमध्ये आणली. एका फाइलमध्ये भाव टाइप करायचे, आणि क्रेटमागे सगळ्यात जास्त भाव किती मिळाला ते प्रोग्रॅमने सांगायचं.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका संध्याकाळी प्रोग्रॅमने सर्वाधिक भाव ९८० रुपये दाखवला. वडिलांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाराशेनं गेला न काल माल. तुया कम्प्युटरले नऊशे ऐंशी कसे दिसून राहिले?"

रविवारी तो आला तेव्हा डोळे लाल. रात्री जागून त्याने तोच प्रोग्रॅम चार वेळा पुसून नव्याने लिहिला होता, आणि चारही वेळा उत्तर ९८०. बसता बसता म्हणाला, "सर, काल तर चालत होतं."

शिकणाऱ्या मुलांच्या तोंडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. दरवर्षी इंजिनिअरिंगचे प्रवेश झाले की गोंदिया, भंडारा, वर्ध्याहून मुलं नागपुरात येतात. कोड लिहायला त्यांना कॉलेजात शिकवतात. तो चालला नाही तर काय करायचं, हे मात्र फार कमी ठिकाणी शिकवतात. मग पहिल्या दोन-तीन महिन्यांत बरीच हुशार मुलं "आपल्याला हे जमणार नाही" असं ठरवून मोकळी होतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण न जमण्यासारखं त्यात काही नसतं.

बग म्हणजे नेमकं काय?

प्रोग्रॅममधल्या चुकीला बग म्हणतात, आणि ती शोधून दुरुस्त करण्याला डीबगिंग. बग म्हणजे किडा. ९ सप्टेंबर १९४७ ला अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-टू या खोलीभर पसरलेल्या यंत्राच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, खरोखरचा पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि ते पान आजही स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. शब्द मात्र त्याहून जुना. यंत्रातल्या बारीकसारीक खोडीला एडिसनसुद्धा बगच म्हणायचा.

चुका ढोबळमानाने तीन जातीच्या असतात. पहिली लिहिण्यातली: कंस राहिला, अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं. अशा वेळी प्रोग्रॅम सुरूच होत नाही. दुसरी चालता चालता ठेच लागण्याची: मध्येच प्रोग्रॅम थांबतो आणि एरर येतो. तिसरीत प्रोग्रॅम नीट सुरू होतो, नीट संपतो, कुठेही तक्रार करत नाही आणि चुकीचं उत्तर देतो. आपल्या काटोलच्या मुलाची चूक या तिसऱ्या जातीची होती.

तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते. आपण एक समजून बसलेलो असतो आणि यंत्र दुसरंच करत असतं. यंत्र आपल्या मनातलं ऐकत नाही, लिहिलेलं तेवढं ऐकतं. म्हणून चूक शोधताना कोड नुसता पुन्हा पुन्हा वाचून उपयोग होत नाही. आपण जे जे धरून चाललोय, ते एकेक करून तपासावं लागतं.

कूलर थंड हवा देत नाही

मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, कूलरने दगा दिला तर नागपूरकर काय करतो? आधी पाहतो, पंखा फिरतोय का. फिरतोय. म्हणजे लाईन आहे, प्लग आणि बटण ठीक. मग वाळ्याच्या ताटीवर हात ठेवतो. ताटी कोरडी असेल तर पाणी वर चढत नाही, म्हणजे दोष टाकी, पंप किंवा नळीत. ताटी ओली असेल तर पंप आणि नळी दोन्ही निर्दोष, आता खिडकी उघडी आहे का ते बघायचं. ताटीवर हात ठेवण्याच्या त्या एका कृतीने अर्धा कूलर संशयातून सुटतो.

डीबगिंगची सगळ्यात मोठी युक्ती हीच आहे. मधोमध हात ठेवायचा. प्रोग्रॅमच्या साधारण मध्यावर थांबून विचारायचं की इथपर्यंत सगळं बरोबर आहे का. कसं विचारायचं? तिथे एक प्रिंटची ओळ टाकायची आणि त्या क्षणी आकडा काय आहे तो छापून बघायचा. बरोबर असेल तर चूक पुढे आहे, चुकीचा असेल तर मागे. उरलेल्या अर्ध्यात पुन्हा मध्यावर हात. हजार ओळींचा प्रोग्रॅम असला तरी अशा दहाएक तपासण्यांत आपण एका ओळीपाशी येऊन पोचतो, कारण हजाराला दहा वेळा निम्मं केलं की जवळपास एकच उरतो. वरून खाली ओळीमागून ओळ वाचणारा तोवर चाळिसाव्या ओळीवर पेंगत असतो.

कूलरमधून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शहाणा माणूस पंप, ताटी आणि पंखा एकाच वेळी बदलत नाही. मुलं कोडमध्ये नेमकं तेच करतात. घाबरून पाच ठिकाणी बदल करतात, आणि प्रोग्रॅम चालला की कशाने चालला ते त्यांनाही ठाऊक नसतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडलेली असते. एका वेळी एकच बदल करा. त्याने फरक पडला नाही तर तो मागे घ्या, मगच दुसरा. सुरुवातीला हे फार हळू वाटतं, पण रात्र वाचते.

पुन्हा संत्र्यांकडे

फाइलमध्ये स्वतःचा आणि चुलत्यांचा माल धरून ३२ नोंदी होत्या. मी त्याला कोडला हात लावू दिला नाही. म्हटलं, आधी फाइलची एक प्रत कर आणि तिच्यातल्या पहिल्या १६ नोंदी काढून टाक. चूक राहिली. राहिलेल्यातल्या आठ काढल्या, तरी चूक तशीच. मग चार, मग दोन. शेवटी फाइलमध्ये दोनच ओळी उरल्या: ९८० आणि १२००. प्रोग्रॅम म्हणाला, मोठा ९८०.

चूक लहान करत न्यायची ती यासाठी. ३२ नोंदी असताना "कुठेतरी काहीतरी बिनसलंय" असं वाटत होतं. दोन नोंदींवर आल्यावर प्रश्न अगदी टोकदार झाला: या यंत्राला ९८० हे १२०० पेक्षा मोठे का वाटतात?

मग मी म्हटलं, ती दोन्ही नावं... म्हणजे आकडे, छापून बघ. "नावं" हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला, पण उत्तराच्या जवळचाच निघाला. त्याने पूर्ण यादी छापली. दोन्ही भावांभोवती बारीक अवतरणचिन्हं होती. आदल्या रात्री त्याने हीच यादी कितीतरी वेळा छापली होती, पण ती चिन्हं नजरेत भरली नव्हती. पायथनमध्ये यादी छापताना अवतरणचिन्हं दिसली, तर आत आकडा नाही, मजकूर आहे. मजकुराला प्रोग्रॅमर स्ट्रिंग म्हणतात.

फाइलमधून वाचलेलं सगळं पायथनला मजकूर म्हणूनच मिळतं, आणि मजकुराची तुलना शब्दकोशासारखी होते. शब्दकोशात 'कळ' आणि 'अननस' यांत आधी कोण, हे ठरवताना आपण शब्द किती लांब आहे ते बघत नाही, पहिलं अक्षर बघतो. इथेही तसंच. ९८० चं पहिलं चिन्ह ९, १२०० चं १. एकापेक्षा नऊ पुढे, म्हणून ९८० मोठा. निकाल पहिल्याच चिन्हावर लागला, पुढे कोणी पाहिलंच नाही.

मग तीन आठवडे बरोबर उत्तर कसं आलं? तोवरचे सगळे भाव तीन आकडी होते. सारख्या लांबीचे आकडे शब्दकोशाच्या क्रमाने लावले काय आणि किमतीच्या क्रमाने लावले काय, फरक पडत नाही. चूक पहिल्या दिवसापासून तिथेच होती. भाव हजारावर गेला त्या दिवशी ती दिसली, एवढंच.

काल चाललं, म्हणजे बरोबर होतं असं नाही

हे एका मुलाच्या प्रोग्रॅमपुरतं असतं तर मी लेख लिहिला नसता. १९ जुलै २०२४ ला जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कम्प्युटर एकाएकी निळी स्क्रीन दाखवून बंद पडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले, ते फोटो अनेकांनी पाहिले असतील. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक अपडेट त्याला कारण होता. कंपनीने नंतर दिलेला खुलासा साध्या भाषेत सांगायचा तर असा: नियमांच्या एका साच्यात २१ रकाने होते, आणि ते नियम वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातात २० च रकान्यांची माहिती दिली जात होती. आधीच्या अपडेटमध्ये एकविसाव्या रकान्यात "काहीही चालेल" एवढंच लिहिलेलं असायचं, त्यामुळे तो रकाना कधी वाचायची वेळच आली नाही. त्या दिवशीच्या अपडेटने पहिल्यांदा एकविसाव्या रकान्यातली माहिती मागितली. प्रोग्रॅम ती घ्यायला स्वतःच्या हद्दीबाहेरच्या मेमरीत गेला आणि यंत्र कोसळलं.

काटोलचा भाव हजाराच्या वर जाणं आणि एकविसावा रकाना वाचला जाणं, दोन्ही एकाच जातीच्या घटना आहेत. जून १९९६ मध्ये युरोपचं एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं, त्याचीही गोष्ट अशीच. प्रोग्रॅमचा एक भाग आधीच्या एरियान-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. तिथे तो वर्षानुवर्षं नीट चालला होता. नवं रॉकेट जास्त वेगवान होतं, वेगाचा आकडा मोठा झाला आणि त्याच्यासाठी ठेवलेल्या लहान जागेत मावला नाही.

म्हणून "काल चालत होतं" असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: काल आणि आज यात बदललं काय? कोड बदलला का? आत येणारी माहिती बदलली का? आकडा मोठा झाला, रिकामा आला, उणे आला, मराठीत आला? कूलरचंच बघा. मृगाचा पहिला पाऊस पडला की तोच कूलर, तोच पंप, ओलीचिंब ताटी, आणि तरी खोलीत घामाच्या धारा. कूलरमध्ये काहीच बिघडलेलं नसतं, बाहेरची हवा दमट झालेली असते.

ओरडणारी चूक आणि गप्प बसणारी चूक

मुलाने भावांचं आकड्यांत रूपांतर करणारा एक शब्द घातला आणि पूर्ण फाइल पुन्हा चालवली. धाडकन एरर. त्याचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं, कारण आता चूक बोलायला लागली होती.

नवशिका माणूस एररची लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करतो. इंग्रजी, लांबलचक, अंगावर आल्यासारखी. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा यालाच म्हणतात. पायथनचा एरर शेवटच्या ओळीपासून वाचायचा. तिथे चुकीचं नाव आणि कारण असतं, तिच्या जरा वर ओळीचा नंबर. आमच्या एररच्या शेवटी कोणता मजकूर आकडा मानता आला नाही तेही अवतरणचिन्हांत छापलेलं होतं: '९५० रु.' एका दिवशी टाइप करताना त्याच्या बोटांनी सवयीने पुढे "रु." लावलं होतं. मजकूर म्हणून तुलना होत होती तोवर ही नोंदही गुपचूप खपून गेली होती.

एक सावधगिरी. एररमध्ये दिसणारा ओळ नंबर हा यंत्र जिथे अडखळलं त्या जागेचा असतो. दगड कुठे ठेवला गेला ती जागा वेगळी असू शकते. इथे एरर कोडच्या ओळीचा होता आणि दोष फाइलमधल्या नोंदीत. ती ओळच खोडत बसलो असतो तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं असतं. त्या ओळीपाशी आलेली माहिती कुठून आली, हे उलटं मागे मागे चालत जायचं.

आधी प्रश्न तरी कळला होता का?

दुरुस्ती झाल्यावर तो खुशीत म्हणाला, आता सरासरी भावपण काढतो. मी विचारलं, कोणती सरासरी? त्याला प्रश्नच कळला नाही.

समजा १० क्रेट १२०० रुपयांनी गेले आणि ९० क्रेट ७०० रुपयांनी. दोन भावांची सरासरी ९५०. पण हातात पैसे आले ७५ हजार, क्रेट गेले १००, म्हणजे क्रेटमागे ७५० रुपये. दोन्ही हिशोब गणिताने बरोबर आहेत. वडिलांना हवा आहे तो दुसरा. पहिला आकडा दाखवणारा प्रोग्रॅम कधीच एरर देणार नाही, आणि घरात दर वर्षी उत्पन्न किती येईल याची खोटी आशा मात्र लावून ठेवेल.

अशा चुका डीबगिंगने सापडत नाहीत, कारण कोड लिहिण्याआधीच त्या झालेल्या असतात. मी सगळ्यांना एक सक्ती करतो: कम्प्युटर उघडण्याआधी कागदावर मराठीत दोन-तीन वाक्यं लिहायची. आत काय येणार, बाहेर काय यायला हवं, आणि एक छोटं उदाहरण हाताने सोडवून त्याचं उत्तर. हाताने सोडवता येत नसेल तर ते यंत्राला सांगताही येणार नाही. बागेला १०० फूट सरळ कुंपण घालायचं, दर १० फुटांवर खांब, तर खांब किती? बहुतेक जण पटकन दहा म्हणतात. कागदावर रेघा मारल्या की अकरा निघतात. हीच एकाची चूक लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या भागात, रोज होते. पायथनला १ ते १० ची रेंज सांगितली तर तो ९ वर थांबतो, आणि पहिल्यांदा शिकणारा प्रत्येक जण तिथे एकदा तरी पडतो.

एआय असताना हे शिकायचं कशाला?

हा प्रश्न पालकही विचारतात, आणि तो वाजवी आहे. एआय आता चांगला कोड लिहितो. एरर चिकटवला तर त्याचा अर्थ मराठीतही समजावून सांगतो, आणि त्यासाठी ते जरूर वापरावं.

पण वरची गोष्ट पुन्हा बघा. ९८० हे उत्तर चुकीचं आहे, हे कोणाला कळलं? कालचा माल बाराशेने गेला हे ज्याच्या डोक्यात होतं त्याला. कोणती सरासरी हवी, हे विचारल्याशिवाय कोणालाच कळणार नाही, माणसालाही नाही. एआयला नुसतं "चालत नाहीये, ठीक कर" म्हटलं तर ते अंदाजाने पाच गोष्टी बदलून देतं, आणि आपण पुन्हा कावळा आणि फांदीच्या गोष्टीत. त्याउलट "या दोन ओळी दिल्या, १२०० अपेक्षित होतं, ९८० आलं" असं सांगितलं तर ते चुकीवर नेमकं बोट ठेवण्याची शक्यता खूप वाढते. म्हणजे अर्धं डीबगिंग प्रश्न विचारण्याआधी आपल्यालाच करावं लागतं. शिवाय माझ्या मुलांना मी सांगतो, त्याच्याकडे उत्तर मागण्याआधी कारण मागा. दुरुस्त कोड उतरवून घेतला तर पुढच्या आठवड्यात तीच चूक नव्या कपड्यांत येते.

गणित आणि इंग्रजी कच्चं असेल तर?

सुरुवातीच्या डीबगिंगला बेरीज-वजाबाकीपलीकडचं गणित क्वचितच लागतं. इंग्रजीची अडचण खरी आहे, मी ती नाकारणार नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला एररचं वाक्य परकं वाटतंच. पण नवशिक्याला भेटणारे एरर फार थोडे असतात आणि तेच तेच परत येतात. एक वही करा. एरर जसा दिसला तसा, खाली त्याचा मराठी अर्थ, आणि शेवटी कशाने सुटला ते. काही आठवड्यांत नव्या नोंदी कमी व्हायला लागतात. अनुभवी लोक एका नजरेत चूक पकडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की तशी चूक त्यांनी आधी कितीदा तरी केलेली असते.

आणि अडकलात तर कोणाला तरी मोठ्याने समजावून सांगा, ओळीमागून ओळ. काही प्रोग्रॅमर त्यासाठी टेबलावर रबराचं बदक ठेवतात. आपल्याकडे घरात आजी असते.

काटोलच्या मुलाच्या वहीत आता बरीच पानं भरली आहेत. मागच्या रविवारी त्याने एक नवं पान दाखवलं. वर लिहिलं होतं: "फाइल रिकामी. अपेक्षा: ? आलं: एरर, ओळ १४." बाजार बंद होता त्या दिवशी त्याने रिकामी फाइल चालवली होती, आणि काहीच नसलेल्या यादीतून सगळ्यात मोठा भाव काढता येईना. एरर कशाने आला हे त्याला ठाऊक होतं. अडला होता तो वरच्या प्रश्नचिन्हाशी. लिलावच झाला नाही त्या दिवशी प्रोग्रॅमने शून्य दाखवायचा, की "आज लिलाव नाही" असं म्हणायचं? शून्य दाखवला तर माल फुकट गेला असं वाटेल, आणि पुढे सरासरीही बिघडेल. मी म्हटलं, हे मला विचारू नकोस, वही ज्यांची आहे त्यांना विचार. तो गॅलरीत गेला आणि वडिलांना फोन लावला.